खिळ्यावरची तिसरी किल्ली

ही गोष्ट रचलेली असती, तर मी त्यात स्वतःला जरा बरं दाखवलं असतं. पण घडलं तेच सांगतेय. गेल्या महिन्यापासूनचं, आमच्या किल्ल्यांच्या दुकानातलं. दुकान म्हणजे पत्र्याची टपरी, शेजारी लाँड्री, समोर चपला शिवणारा. भुताला उभं राहायला तरी जागा आहे का तिथे?

मलाही तेच वाटायचं...

एका संध्याकाळी सराफाच्या दुकानावरच्या गार्डची बायको आली. बाबा कामाला बाहेर गेले होते. तिनं दोन किल्ल्या माझ्या हातात कोंबल्या.

"ताई, ह्या आमच्या लोखंडी कपाटाच्या. आत ह्यांची बंदूक आहे, काडतुसंही तिथेच. ह्यांचं मन थाऱ्यावर नाही हल्ली. घरात कुठेही लपवल्या तरी सापडतील. ते मागायला आले तर देऊ नका."

"निर्धास्त राहा," मी म्हटलं.

बोर्डाच्या शेवटच्या खिळ्याला किल्ल्या अडकवल्या. आणि बाबांना सांगायचं विसरले.

एवढंच. विसरले.

दोन दिवसांनी मी जेवायला घरी गेले होते. परत आले, तर बाबा भलतेच खुशीत.

"त्या गार्डच्या कपाटाची किल्ली हरवलेली. घरी जाऊन कुलूप उघडलं, नवीन किल्ली घासून दिली. हात अजून शाबूत आहे हं तुझ्या बापाचा!"

शेवटच्या खिळ्यावर दोन्ही किल्ल्या तशाच होत्या.

"बायको कुठाय, विचारलं नाहीत?"

"वर्दीतल्या माणसाला काय विचारायचं, बाळा?"

मी धावत सुटले. त्यांच्या दारापुढे गर्दी जमली होती. गार्डनं स्वतःला संपवलं होतं.

आठवड्याभरानं सुरू झालं...

आधी तो खिळा. बोर्डावरच्या बाकी सगळ्या किल्ल्या गप्प. वारा नाही, पंखा बंद. आणि त्या दोनच हलत राहायच्या... किण... किण...

मग गिऱ्हाइकं परत येऊ लागली. स्कूटरवाला आला, लाँड्रीवाला आला. "काका, किल्ली लागत नाही हो." बाबांचं काम असं कधीच परत आलं नव्हतं.

मी परत आलेल्या किल्ल्या एकमेकींवर ठेवल्या.

सगळ्या अगदी सारख्या.

मग खिळ्यावरची एक काढून त्यांच्यावर ठेवली...

दात्याला दाता जुळला.

बाबांनी त्या दिवसापासून मशीनला हात लावलेला नाही. स्टुलावर बसतात आणि आपल्याच बोटांकडे बघत राहतात.

परवा दुपारी गार्डची बायको आली. कपाट भंगारात द्यायचं होतं, म्हणून किल्ल्या हव्या होत्या. लाइट गेलेली होती.

मी बोर्डाकडे वळले... आणि मशीन सुरू झालं.

घर्र... घर्र...

तिला ऐकू आलं नाही. बाबांनी मात्र दोन्ही कान झाकून घेतले.

खिळ्यावर तीन किल्ल्या होत्या.

तिसरी गरम होती... आत्ताच घासल्यासारखी.

"तुम्ही शब्द पाळलात, ताई," मागून ती म्हणाली. "त्यांना किल्ली कुठून मिळाली, देव जाणे. माझंच काहीतरी चुकलं असणार. रात्रभर तेच आठवत बसते."

तेव्हाच बोलायला हवं होतं. ती किल्ली तिच्यासमोर धरायला हवी होती.

मी ती उजव्या मुठीत आवळली. डाव्या हातानं तिच्या दोन किल्ल्या दिल्या.

ती गेल्यावर मूठ उघडली... रिकामी. तळहातावर फक्त दात्यांचा लाल ठसा.

मलम लावलं, बर्फ लावला. जात नाही. बाबा म्हणतात, "जाऊन सांग तिला." मी म्हणते, "तुम्ही सांगा." आम्ही दोघंही जागचे हलत नाही.

ती रोज कामावर जाताना दुकानावरून जाते. मला बघून हात करते.

मीही करते. डावा.