सील हमखास दिसेल

गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत गेलं तर चालेल, पण रिकाम्या डोळ्यांनी जाता कामा नये, असं दाजी म्हणायचे. निसर्ग दाखवायचा धंदा मोठा बेभरवशाचा. डोंगर कुठे पळून जात नाहीत, धबधबेही बिचारे जागच्या जागी कोसळत असतात. पण जनावर थोडंच आपल्याकडे नोकरीला असतं? एकदा एक बाई गरुड दिसला नाही म्हणून हमरीतुमरीवर आल्या. दाजी हात जोडून म्हणाले, "बाई, गरुडाने तुम्हाला पाहिलंय. त्याची सहल वसूल झाली!" सगळी बोट हसली, आणि बाईही हसल्या.

सकाळी दाजींच्या बोटीतून त्या थंड मुलखातल्या खाडीची सफर आणि दुपारी किनाऱ्याच्या घाटरस्त्याने बसमधून परत, असा बेत असायचा. बस चालवायचा दाजींचा मेव्हणा. दाजींच्या मुलीचा तो मामा, म्हणून सगळा धक्काच त्याला मामा म्हणे. मुलीचं नाव पडलं होतं टकळी. सहा वर्षांची पोर, पण तोंड एकदा सुरू झालं की झोपेतच बंद व्हायचं.

मोसमातली शेवटची फेरी होती. टकळीने बोटीवर यायचा हट्ट धरला. तिच्या आईने, म्हणजे ताईने, भावाला बजावलं, "तिच्यावर तू लक्ष ठेव. तिच्या बापाला गिऱ्हाईक दिसलं की पोटची पोर दिसत नाही." म्हणून मामाने बस आदल्या दिवशीच पलीकडच्या धक्क्यावर नेऊन ठेवली आणि तो बोटीत चढला.

हवा सुरेख होती. कड्यांवर बर्फाच्या रेघा होत्या आणि पाण्यात डोंगर उलटे उभे होते. खडकांच्या बेटापाशी मात्र धुकं उतरलं. ओल्या शेवाळाचा आणि माशांचा उग्र वास आला. दाजींनी इंजिन बंद केलं.

"मंडळी, कॅमेरे सरसावा. आमच्याकडे सील हमखास दिसेल!"

कठड्याखाली, कुणाला दिसणार नाही असा, एक भोंगा बसवलेला होता. दाजींनी खिशात हात घालून बटण दाबलं. पाण्यावर एक बारीक, केविलवाणं रडणं पसरलं. सीलच्या पिल्लाचं.

ते रडणं कसं मिळालं, हे बोटीवर दोघांनाच ठाऊक होतं. दोन मोसमांपूर्वी याच खडकावर दाजींनी एका पिल्लाला मागच्या पायांना धरून उलटं टांगलं होतं. मनासारखं रडेपर्यंत खाली सोडलं नव्हतं. "अजून थोडं... अजून," ते म्हणत होते, आणि समोर फोन धरून मामा उभा होता. खाली ठेवलं तेव्हा पिल्लू हललं नाही. "निजलं असेल," दाजी म्हणाले. मामाने होकार दिला. तेव्हापासून बटण दाबलं की त्याची आई येत होती. दर फेरीला. न चुकता.

आजही आली. काळं, गुळगुळीत डोकं पाण्याबाहेर आलं आणि इकडे तिकडे वळू लागलं.

"अहो, ही काहीतरी शोधतेय," एक म्हातारी प्रवासी म्हणाली.

"फोटो कुठून चांगला येईल ते शोधतेय, आजी!"

हशा पिकला. मामाला हसू आलं नाही. आज ती मादी बोटीला वळसा घालून गेली नाही. सरळ जवळ आली, हात लांबवला तर लागेल इतकी. भोंग्याकडे पाहिलं, दाजींकडे पाहिलं, आणि मग कठड्याला टेकलेल्या पोरीकडे पाहत राहिली.

"बाबा, ती माझ्याकडे बघतेय," टकळी म्हणाली.

डोकं बुडालं. पाण्यावर साधा तरंगही उठला नाही.

"पुन्हा बोलावतो!" दाजींनी बटण दाबलं. आवाज नाही. पुन्हा दाबलं. भोंगा मुका. आणि मग धुक्यातून, खाली पाण्याच्या अंगाने आवाज आला...

"बाबा... ती माझ्याकडे बघतेय..."

सगळ्यांनी टकळीकडे पाहिलं. तिने मामाची बाही घट्ट धरली होती. तिचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. त्यातून नुसती हवा येत होती.

डॉक्टरांनी घसा तपासला. बॅटरी लावून पाहिलं, नळी घालून पाहिलं. "काहीही बिघाड नाही," म्हणाले. ताईने रागाने घर डोक्यावर घेतलं, मग तीही गप्प झाली. ज्या घरात टकळीला "जरा दम घे गं" म्हणावं लागे, त्या घरात आता घड्याळाची टिकटिक ऐकू येई.

आणि धुकं पडलं की खाडीतून हाक येई. "बाबा..." दाजी हातातलं काम टाकून निघत. आधी गुडघाभर पाण्यात, मग कमरेपर्यंत. मामा मागे धावे, काखेत हात घालून ओढून आणी.

"दाजी, पोर घरात आहे. मी आत्ता बघून आलो. शपथेवर सांगतो."

"माहितेय रे," दाजी थरथरत म्हणत. "पण आवाज तिचाच आहे ना... न जाऊन कसं चालेल?"

एकदा ते असे छातीभर पाण्यात उभे राहून मान इकडे तिकडे वळवत असताना दुसऱ्या कुणाची तरी सहलीची बोट बाजूने गेली. माणसं कठड्यावर गोळा झाली. कुणी बोट दाखवलं, कुणी फोटो काढले. एका लहान मुलाने हात हलवला.

थंडी सरता सरता एका सकाळी मामाला पोचायला उशीर झाला. पाण्यावर दाजींची टोपी तेवढी होती.

नंतर पुष्कळ दिवस खाडी शांत राहिली. ज्याने केलं त्याने भोगलं, मिटलं, अशी मामाने मनाची समजूत घातली. फोन धरणाऱ्याचा यात काय दोष? तरी ताई म्हणाली, "पोरीला समुद्रापासून लांब ने. मावशीकडे राहू दे." मामाने रिकाम्या बसमध्ये टकळीला आपल्या शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि घाटरस्ता धरला. दुपार होती. दरीच्या बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला देवदारांचं रान. शेवटच्या वळणानंतर रस्ता आत वळायचा, मग समुद्र दिसणार नव्हता.

त्याच वळणावर हरणांचा कळप आडवा आला आणि थांबला. एकही हलेना. सगळ्यांच्या माना समुद्राकडे. मामाने हॉर्न दाबला. वाजला नाही. काचेवर धुकं चढू लागलं आणि इंजिन आपोआप बंद पडलं.

कड्याखालून आवाज आला. लाडात आलेला, टकळीचाच.

"मामा..."

त्याने स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळलं.

"मामा... अजून थोडं..."

"ऐकू नकोस, बाळा," तो पुटपुटला. कुणाला सांगत होता, त्याचं त्यालाच कळेना. "आपण निघूया... लगेच निघूया..."

टकळीने शांतपणे पट्टा सोडला, पुढे वाकली आणि दाराचं बटण दाबलं. फुस्स करून दार उघडलं. खारट, गार हवा आत आली. मग ती पुन्हा खुर्चीत नीट टेकून बसली, मांडीवर हात ठेवले, आणि सहलीला आलेली माणसं खडकाकडे पाहत राहतात तशी, पापणी न हलवता, मामाकडे पाहत राहिली.