बंद होता होता राहिलेला प्रश्न

पाण्याची बाटली भरायला निघालेली ती ग्रंथालयातल्या पुढच्या टेबलापाशी जागीच थबकली. तिथे बसलेल्या चष्मेवाल्याच्या लॅपटॉपवर, तिने प्रश्नोत्तरांच्या साइटवर टाकलेला तिचाच प्रश्न उघडा होता... आणि त्याचं बोट ‘बंद करा’वर टेकलेलं.

“अहो, थांबा ना—”

तो दचकला. “तुमचा आहे का हा?”

“माझाच. चार वाजता सरांना प्रोजेक्ट दाखवायचाय. नाही चालला तर माझं वर्ष पाण्यात.”

“पण या साइटवर कॉम्प्युटर सायन्सचे, म्हणजे तत्त्वाचे प्रश्न घेतो आम्ही, बाकीचे बंद करतो. तुम्ही अख्खा प्रोग्राम चिकटवलाय. प्रोग्रामिंगवाल्यांच्या साइटवर विचारा.”

“त्यांनीच हाकललं. म्हणे, कोड बरोबर आहे, सायन्सवाल्यांकडे जा. मी जायचं तरी कुठे?”

त्याने शेजारची खुर्ची ओढली. डोळे काय होते त्याचे... पण ते बघायला तिला आत्ता सवड कुठली.

“कोड विसरा. नुसतं सांगा, अडलंय कुठे?”

तिने अडखळत सांगितलं. औषधांच्या गाडीने सगळ्या दुकानांत जाऊन परत यायचं, रस्ता सगळ्यात कमी लांबीचा हवा. दुकानं दहा असली की उत्तर चुटकीसरशी. चाळीस केली की प्रोग्राम ढिम्म हलत नाही. महिनाभर ती आपलीच चूक शोधत होती.

तो हसला, तशी ती आणखीच धास्तावली.

“चूक तुमची नाहीच. हा प्रश्न भल्याभल्यांना घाम फोडतो. दरवेळी झटपट अचूक रस्ता काढायची रीत अजून कुणालाच सापडलेली नाही. सरांना म्हणा, अगदी सगळ्यात कमी नाही, पण त्याच्या जवळपासच्या लांबीचा काढते.”

“आणि ते नाही म्हणाले तर?”

त्याने प्रश्न बंद न करताच लॅपटॉप मिटला.

चार वाजता सरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “अगं, हे आधी का नाही सांगितलंस? असंच कर.”

ती सरांच्या केबिनबाहेर आली, तर जिन्यात तो येरझाऱ्या घालत होता.

“काय म्हणाले?”

“हो म्हणाले.”

तो मटकन पायरीवर बसला.

“प्रोजेक्ट माझा, आणि घाम तुम्हाला?”

“रोज इतके प्रश्न बंद करतो... एकासाठीही कधी जिने चढलो नव्हतो.” त्याने उगाचच चष्मा पुसला. “आवडलीस तू मला. मघापासून सरांची भीती वाटत होती, आता तुझी वाटतेय.”

तिला हसू आलं. ती त्याच्या शेजारी टेकली.

“भीती मलाही वाटतेय,” ती हळूच म्हणाली. “पण तू उठू नकोस.”