गुठळी विरघळवायची नाही

औषध कपाटात होतं, आजोबा समोर खाटेवर होते, आणि तरीही ते कुणी देत नव्हतं. गार्गीला हे कोडं सुटेना. राग तर असा आला होता की सातूला एक लाथ घालावी.

सातू म्हणजे इस्पितळातला रक्त वाचणारा यंत्रमानव. तो घडवला होता गार्गीच्या आजोबांनीच, डॉ. मुकुंद खांबेट्यांनी. सकाळी त्यांचं तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली. एवढे मोठे शास्त्रज्ञ, पण घरात सगळ्या दुखण्यांचं मूळ पित्त! "पित्त चढलंय, आमसुलाचं सरबत द्या आणि झोपू द्या," असं तेच बोबडं बोलले आणि सगळ्यांनी ऐकलं. दुपारी उठवायला गेले, तर उजवा हात हलेना आणि तोंडातून शब्द फुटेना.

"मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलीय ना? मग विरघळव की!" गार्गी ओरडली.

"आधी त्यांच्या पांढऱ्या पेशी (शरीराचे पहारेकरी) काय करतायत ते पाहावं लागतं," सातू म्हणाला. "प्रत्येक पेशीत हजारो जनुकं असतात. जनुक म्हणजे एखाद्या प्रथिनाची पाककृती. तुझ्या आईला शंभर पदार्थ येतात, पण ती रोज सगळे करते का?"

"नाही."

"पेशींचंही तसंच. कोणती कृती आत्ता चुलीवर आहे, याला जनुकांची अभिव्यक्ती म्हणतात. मेंदूला इजा झाली की पहारेकरी चवताळतात. आजोबांच्या पेशी एक कुरतडणारं प्रथिन भरमसाट रांधतायत. मेलेला भाग साफ करायला ते लागतं, पण त्याने रक्तवाहिनीची भिंतही झिजते."

गार्गीचा आवाज खाली आला. "मग आता गुठळी विरघळली, तर..."

"रक्त जोरात येईल, झिजलेली भिंत फुटेल. मेंदूत रक्तस्राव होईल. आजोबा वाचणार नाहीत."

"तार घालून गुठळी ओढून काढा!"

"वाहिनी फार बारीक आहे. तार तिथवर पोचत नाही."

"आणि सकाळीच आणलं असतं तर?"

"तेव्हा पेशी इतक्या चवताळल्या नसत्या. बहुधा औषध देता आलं असतं."

सातूला खोटं बोलता येत नव्हतं. आजोबांनी ते शिकवलंच नव्हतं. डॉक्टर इनामदारबाईंनी सातूचे आकडे पुन्हा पाहिले आणि कपाट बंद केलं. गार्गी भिंतीला टेकून हमसून हमसून रडली. तिला गोष्टी सांगणारा आवाज गेला होता, आणि तो परत येईल का, हे सातूलाही वाचता येत नव्हतं.

संध्याकाळी आजोबांनी डोळे उघडले. "गा... गा..." याच्यापुढे काही येईना. त्यांच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. ते पुसायलाही उजवा हात उठला नाही.

गार्गीने ते पुसलं. "मी मोठी झाले ना, की या दुष्ट पेशींना मारणारं औषध बनवीन," ती दात-ओठ खात म्हणाली.

आजोबांच्या डाव्या हाताचं बोट हललं. नाही, नाही. गार्गीचं गणित चुकलं की हलायचं, अगदी तसंच.

गार्गीने त्या बोटाकडे पाहिलं. मग सावकाश म्हणाली, "मारायच्या नाहीत? ते पहारेकरी आहेत, म्हणून? फक्त तेवढा एक पदार्थ चुलीवरून उतरवायचा?"

बोट थांबलं. आजोबांनी तिचा हात डाव्या हातात घेतला आणि घट्ट दाबला.

"सातू," गार्गी नाक पुसत म्हणाली, "तो पदार्थ उतरवतात कसा?"

"अजून कुणालाच नीट माहीत नाही."

"मग जेवढं माहीत आहे तेवढं सांग. मोठ्याने सांग, आजोबांना ऐकू गेलं पाहिजे. तुझं चुकलं तर ते बोट हलवतील."