झाकणाच्या आत

ठिणगीने दार उघडलं ते भांडायच्या तयारीनेच. डोक्यावर शाम्पूचा फेस, त्यावर घाईघाईने गुंडाळलेला टॉवेल, कानामागून मानेवर ओघळणारं गारेगार पाणी... आणि दारात पान्ह्यांची पिशवी घेऊन उभा असलेला एक अनोळखी माणूस.

"तिसरा मजला ना हा?" त्याने विचारलं.

"दुसरा आहे. मजले मोजता येत नाहीत?" एवढं फटकारल्यावर तिचं लक्ष पिशवीवरच्या अक्षरांकडे गेलं. "थांबा! गिझर दुरुस्तीवाले का तुम्ही? आत या."

"पण वरच्या काकू वाट बघताहेत—"

"वरच्या काकूंच्या डोक्याला फेस लागलाय का?"

त्याने तिच्या डोक्याकडे पाहिलं, मग घाईने जमिनीकडे पाहिलं, आणि गुपचूप चपला काढल्या.

ठिणगी हे तिचं घरातलं नाव, आत्याने ठेवलेलं, आणि आत्याने ते उगाच ठेवलं नव्हतं. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. "ही ओळ वाचा... आता ही वाचा..." असं दिवसभर गोड आवाजात म्हणत राहायचं, समोरच्याने 'म'चा 'भ' केला तरी हसायचं. मग साठलेला राग कुठेतरी निघणारच ना! घरात माणसं दोनच, ती आणि आत्या. आत्या रागाला दाद देत नसे. राहिला बिचारा गिझर.

मिस्त्रीने मेन स्विच बंद केला, स्टुलावर चढून गिझरचं खालचं झाकण उघडलं आणि आतली पाटी वाचायला मान मागे घेतली. मग आणखी मागे. त्याच्या चष्म्याच्या एका दांडीला काळी चिकटपट्टी गुंडाळली होती आणि काचांवर ओरखडेच ओरखडे. ठिणगीच्या डोळ्यांना ते पाहवेना.

"किती वर्षांचा आहे?"

"अकरा," ठिणगी म्हणाली.

"बारा," आत्या स्वयंपाकघरातून ओरडली. "फ्रिजच्या आधी आलाय तो."

"कॉइल गेलीय. ती बदलून देतो, आज गरम पाणी येईल. पण खरं सांगू का... आता नवाच घ्या." त्याने बोटावरचा तांबूस गंज तिला दाखवला. "पाणी लालसर येतं ना? आणि तापताना खडे उकळल्यासारखा आवाज? आत एक कांडी असते. ती सगळा गंज स्वतःवर ओढून घेते, म्हणून टाकी वाचते. तुमची कांडी संपत आलीय. आता गंज टाकीला धरणार."

झालं! ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आलात की लगेच 'नवा घ्या'! वस्तू टिकवणं म्हणून काही असतं की नाही? आणि दुसऱ्याला सांगण्याआधी तो ओरखडे पडलेला चष्मा बदला. पाटी वाचायला मान भिंतीला टेकली तुमची."

"चालतंय अजून," तो चष्मा सावरत म्हणाला.

"मग आमचाही चालतोय!"

तो हसला. हसताना त्याची चिकटपट्टीची दांडी कानावरून वर सरकली, आणि ठिणगीला आणखीच राग आला. जाण्यापूर्वी त्याने खिशातून मार्कर काढला आणि झाकणाच्या आतल्या बाजूला काहीतरी लिहिलं.

"काय लिहिताय?"

"तारीख आणि काम. पुढच्या मिस्त्रीला कळावं म्हणून. माझ्या उस्तादांनी लावलेली सवय." त्याने झाकण बसवलं, चारही स्क्रू आवळले आणि तो वरच्या काकूंची बोलणी खायला निघून गेला.

तीन आठवड्यांनी थर्मोस्टॅट गेला. एक बादली गरम, दुसरी थंडगार. तो आला, त्याने काम केलं, आणि पुन्हा तेच... "नवा घ्या." ठिणगीने पुन्हा त्याला धुऊन काढलं. या खेपेला आत्याने चहा दिला आणि भांडण बशीतला चहा निवेपर्यंत चाललं. तो गेल्यावर आत्या म्हणाली, "मिस्त्री यायचा म्हणून इस्त्रीचा कुर्ता घालतात का गं?"

"समोर होता तो घातला," ठिणगी फणकारली.

त्यानंतर पंधरा दिवसांनी पाइपच्या जोडातून पाणी ठिबकलं. ते पाहून ठिणगीला चक्क आनंद झाला, आणि आनंद झाल्याचा संताप आला. ही काय वेळ आली स्वतःवर! लोक दुरुस्तीसाठी झुरतात आणि आपण बिघाडासाठी? तो आला, वायसर बदलला, मार्करने लिहिलं. "नवा घ्या" मात्र इतकं हळू म्हणाला, की तिने ऐकलंच नाही असं दाखवलं.

चौथ्या खेपेला त्याने टाकीखाली हात फिरवला आणि त्याचा चेहराच बदलला. त्याने वीज तोडली, वायरी सोडवल्या.

"आता मी दुरुस्त करणार नाही."

"म्हणजे?"

"जोडातून गळलं तर वायसर बदलता येतो. ही टाकीच पाझरतेय. संपलं हिचं. वर वीज, खाली पाणी... आणि खाली रोज तुम्ही उभ्या. नाही म्हणजे नाही."

एवढ्या ठाम आवाजात तो आजवर कधी बोलला नव्हता. ठिणगीला एवढंच ऐकू आलं, की हा माणूस इथलं आपलं येणं संपवतोय, तेही स्वतःच्या हाताने.

"सरळ सांगा ना, आमच्याकडे यायचा कंटाळा आला म्हणून!"

त्याने मार्कर काढून झाकणाच्या आत काहीतरी लिहिलं. "उद्या नवा बसवून देतो," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी नवा गिझर भिंतीवर चढला. पांढराशुभ्र, गप्प, शहाणा.

"टाकीची सात वर्षांची हमी आहे," तो वाईट बातमी सांगावी तसं म्हणाला.

"सात?"

"नीट वापरला तर... दहासुद्धा."

"अभिनंदन," ठिणगी म्हणाली. तो चहा न घेताच गेला.

मग सुरू झाला तो नव्या गिझरचा आगाऊपणा. बटण दाबलं की दिवा लागे, दिवा विझला की पाणी तयार. आवाज नाही, गंज नाही, एका थेंबाची गळती नाही! ठिणगी रोज सकाळी डोळे वटारून त्याच्याकडे बघायची. सोळा दिवसांत त्याने एकदाही तिची बाजू घेतली नाही.

"गरम पाणी येतंय म्हणून रडणारी मुलगी पहिल्यांदाच बघतेय मी," आत्या म्हणाली.

"रडत नाहीये. डोळ्यात साबण गेलाय."

"रोज?"

सतराव्या दिवशी रविवार होता. जुना गिझर बाल्कनीत भंगारवाल्याची वाट बघत पडला होता. कुंडीखाली ठेवायला बरं म्हणून आत्याने त्याचं झाकण काढलं, उलटं केलं आणि ती वाचत राहिली. मग तिने ते भाचीच्या हातात दिलं. आत मार्करची अक्षरं होती, प्रत्येक ओळीआधी तारीख.

*कॉइल बदलली. नवा घ्या म्हणून सांगितलं. ऐकलं नाही.*

*थर्मोस्टॅट बदलला. पुन्हा सांगितलं. ऐकलं नाही. बरं झालं.*

*वायसर. सांगितलं, पण हळू.*

*टाकी पाझरते. आज जोरात सांगितलं. यायचं कारण संपलं.*

ठिणगीने ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना अक्षरं पुसट दिसली, आणि आता साबणाचं निमित्तही नव्हतं. मग ती उठली, पायात चपला सरकवल्या आणि झाकण काखोटीला मारून तरातरा निघाली.

त्याचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे होतं, शिंप्याच्या दुकानासमोर. तो एका उघड्या टाकीतून क्षार खरवडत बसला होता. तिने झाकण त्याच्यासमोर आपटलं.

"हे काय आहे?"

तो उभा राहिला. कानापर्यंत लाल झाला. "...झाकण."

"ते दिसतंय मला, माझे डोळे चांगले आहेत! पुढच्या मिस्त्रीला कळावं म्हणून लिहिता ना? मग त्याला हे 'बरं झालं' कशाला कळायला हवं?"

"पुढचा मिस्त्री मीच होतो," तो म्हणाला.

ठिणगीने त्या ओळीवर बोट आपटलं.

"आणि तोंडाने सांगता येत नव्हतं?"

"तोंडाने 'नवा घ्या' सांगत होतो ना... एकाच तोंडाने दोन्ही कसं सांगायचं?" त्याने हात फडक्याला पुसले, परत पुसले. "कसंबसं ठिगळ लावून येत राहता आलं असतं. खूप वाटलं तसं. पण टाकीखाली रोज तुम्ही उभ्या राहणार... ते नाही जमलं."

"आणि मी सोळा दिवस त्या शहाण्या गिझरकडे बघत बसलेय, त्याचं काय? सोळा दिवस! दोन गल्ल्या ओलांडता आल्या नाहीत तुम्हाला?"

"तुम्ही म्हणालात, मला कंटाळा आलाय—"

"मी काहीही म्हणते! रागात म्हटलेलं खरं धरतात का?"

तिने त्याच्या खिशातला मार्कर ओढून घेतला, झाकणावर त्याच्या शेवटच्या ओळीखाली काहीतरी खरडलं आणि झाकण त्याच्या छातीशी धरलं. त्याने ते हातभर लांब नेलं, जवळ आणलं, पुन्हा लांब नेलं.

"दिसत नाही," तो म्हणाला. "वाचून दाखवा."

अक्षरं एवढी मोठी होती, की समोरच्या शिंप्याने ती तिथूनच वाचली आणि मान खाली घालून मशीन जोरात चालवायला घेतलं.

"खोटं बोलताय तुम्ही."

"काचांवर ओरखडे आहेत. तुम्हीच म्हणता."

"यायला कारण लागतं..." ती तावातावाने वाचू लागली, आणि पुढचे शब्द मात्र हळू आले, "असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"ही ओळ कळली. आता पुढची?"

"पुढची लिहिलेली नाही."

"मग तोंडाने सांगा."

असा राग येतो माणसाला! आपलेच शब्द, आपल्याच दुकानातले, आणि ते हा वापरणार!

"आवडता तुम्ही मला," ती भांडल्यासारखी म्हणाली. "खूप आवडता. झालं समाधान? आणि उद्या दहा वाजता दुकानात यायचं, तो चष्मा बदलायला. हे मी एकदाच सांगतेय, तुमच्यासारखं चार वेळा नाही सांगणार."

त्याने तिच्या हातातून मार्कर घेतला. घेताना बोटं तिच्या बोटांवर जरा जास्तच वेळ थांबली... आणि ठिणगीने ती थांबू दिली. मग त्याने खाली बसून झाकण गुडघ्यावर ठेवलं, तिच्या ओळीखाली आजची तारीख घातली आणि पुढे लिहिलं, *ऐकलं.*