शेवटचा रीजन

सिनेमागृहात हयात घालवलेल्या ऑपरेटरने कुणासाठी रीळ थांबवलं नव्हतं, मालकाच्या जावयासाठीसुद्धा नाही. घरी मात्र ही ऐट चालत नसे. ऐन रंगात आलेल्या सिनेमातून बायको उठायची, “अहो, थांबवा जरा, आलेच,” म्हणायची, आणि हा पठ्ठ्या मुकाट्याने थांबवायचा. मग चहा यायचा, बिनसाखरेचा.

बायको गेली आणि सिनेमे सलग संपू लागले. ते त्याला सोसेना.

अशात परदेशातल्या मेहुणीने डीव्हीडी पाठवली. बायको तिच्याकडे राहायला गेली होती तेव्हा साडूने केलेलं चित्रीकरण, तिथल्या दुकानातून हौसेने तयार करून घेतलेलं. ऑपरेटरने ती कॉम्प्युटरमध्ये घातली आणि गाडं अडलं. डिस्क दुसऱ्या रीजनची, म्हणजे तिकडच्याच देशांत चालणारी होती.

“सेटिंगमध्ये जाऊन रीजन बदला,” दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला. “पण काका, तुमचा डिस्कचा ड्राइव्ह सेकंडहँड. रीजन मोजून पाचदा बदलतो, आधीच्या मालकाने बदलून बदलून संपवत आणलाय. आता दोनदाच बदलेल. दुसऱ्यांदा जिथे बसेल, तिथे कायमचा.”

“मला एकदाच बदलायचाय.”

पडद्यावर मेहुणीची बैठकीची खोली आली. खिडकीशी खुर्चीत बायको, पाय वर घेऊन संत्री सोलत, बहिणीची थट्टा करत. तो आवाज ऐकून ऑपरेटर लहान मुलासारखा रडला. मग तिने कॅमेऱ्याकडे पाहिलं.

“अहो, थांबवा जरा, आलेच.”

ती उठली. सवयीने त्याच्याकडून बटण दाबलं गेलं आणि चित्र थांबलं. साडूला ती भाऊजी म्हणायची, हे त्याच्या नंतर लक्षात आलं.

त्याच्या स्वयंपाकघरात नळ सुटला. भांडं वाजलं. गॅस पेटवल्याचा खटका झाला.

तो जागचा हलला नाही. पाहायला गेलो तर सगळं थांबेल, असं त्याला वाटलं. बऱ्याच वेळाने त्याने चित्र पुढे सुरू केलं. आतला आवाज तत्क्षणी बंद झाला. पडद्यावर बायको ओले हात पुसत आली आणि खुर्चीत बसली. तो आत गेला तेव्हा ओट्यावर चहा वाफाळत होता. त्यात साखर नव्हती.

त्यानंतर रोज दुपारी हेच. ऑपरेटर दाढी करू लागला, धुतलेला शर्ट घालून कॉम्प्युटरसमोर बसू लागला. त्याने कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

एका दुपारी चित्र थांबवलं, आत नळ सुटला आणि दाराची बेल वाजली. लेक आली होती, न कळवता. ती पर्स ठेवून आत जायला निघाली तसा तो घाबरून म्हणाला, “तू बस इथेच. मी बिस्किटं घेऊन येतो.”

परतला तेव्हा पडद्यावर कुठलीशी मारामारी चालली होती.

“बाबा, तुमच्यासाठी नवा सिनेमा आणला,” लेक कौतुकाने म्हणाली. “चालत नव्हता. शेवटचा रीजन बदलू का, असं कॉम्प्युटरने विचारलं, मी हो म्हटलं. आता आपले सगळे सिनेमे चालतील.”

“आणि माझी डिस्क?”

“ती काय, काढून ठेवलीय.”

ऑपरेटरने कान दिला. आत नळ चालूच होता. लेकीला ऐकू येत नसावा.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्याने नवा ड्राइव्ह बसवून दिला. डिस्क चालली. मेहुणी हसत होती, बोलत होती, मधेच उत्तरासाठी थांबत होती. खिडकीशी बायकोची खुर्ची रिकामी होती. ऑपरेटरने सगळं पुन्हा पाहिलं, शेवटपर्यंत. कुणी आलं नाही.

आत नळ बंद झाला.

“अहो,” स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, “लावा ना आता पुढे.”

“लावलंय गं,” तो म्हणाला. 

स्वयंपाकघराचं दार सताड उघडं होतं. इथून ओटा दिसत होता, नळ दिसत होता. आत कुणी नव्हतं.

“अहो, लावा ना,” ती हळूच म्हणाली. “इथे दारच नाहीये.”