माहेरचे नाव

ही हकीकत खरी आहे. पुरावा हवा असेल त्यांनी खातेगावच्या त्या खासगी रुग्णालयात जाऊन विचारू नये. तिथे झालेला एक मृत्यूसुद्धा घडला नाही असेच सांगतात.

गेल्या माघातली संध्याकाळ. दिवेलागणीची वेळ.

ऋजुता देवासची, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. प्रशिक्षण या भारदस्त नावाखाली तिच्याकडून सलग दुसरी पाळी करून घेतली जात होती. पाय सुजले होते. डोके मात्र पुस्तकातला एकच नियम घोकत होते: औषध देण्याआधी रुग्णाची ओळख दोन प्रकारे पटवा.

मनगटावर नावाची पट्टी बांधण्याची पद्धत तिथे नव्हती. काचेचे प्रवेशद्वार होते.

सिस्टर देवश्रींनी सिरिंजमध्ये भरलेला इन्सुलिनचा डोस तपासून ट्रे तिच्या हाती दिला.

"खिडकीजवळच्या सुमंगला आजी. जेवणाआधीचं इंजेक्शन. और सुन बेटा, गप्पा मारत बसू नकोस."

वॉर्डाच्या दोन टोकांना दोन खिडक्या होत्या. ते सांगायचे राहून गेले.

ऋजुता डावीकडे वळली.

तिथला दिवा बंद होता. कॉटवर एक वृद्ध बाई पडून होती. उशाशी डबा नाही... खाली चपला नाहीत... सोबतीला कोणी नाही.

वॉर्डातले खोकणे, कण्हणे इथवर पोचतच नव्हते.

"आजी, तुमचं नाव सांगता?"

उशीवरची मान वळली. मग...

"सुमंगला."

नाव जुळले. दमलेल्या माणसाला तेवढे पुरते.

ऋजुताने सुईचे टोपण काढले. आणि निव्वळ सवयीने दुसरा प्रश्न विचारला.

"पूर्ण नाव, आजी?"

"ते माहेरचं सांगितलं गं." आवाज फार सावकाश आला... "लग्नात उमा ठेवलं. कागदावर उमाच असेल."

ऋजुताने हात मागे घेतला. "बरं झालं विचारलं."

"मागच्या पोरीने नव्हतं विचारलं."

ऋजुता ट्रे घेऊन परतली. "सिस्टर, त्या सुमंगला नाहीत. उमाबाई आहेत."

देवश्रींनी पेन खाली ठेवले. "कुठल्या खिडकीला गेलीस?"

"डावीकडच्या."

"ती कॉट रिकामी आहे. वर्षभर कोणाला देत नाही आम्ही."

मग त्या थकलेल्या आवाजात सांगत गेल्या. गेल्या वर्षीही सुमंगला आजी इथे दाखल होत्या. शेजारी, त्याच डावीकडच्या कॉटवर, उमाबाई. मधुमेह नसलेल्या. विद्यार्थिनीने नुसते नाव विचारले, उमाबाईंनी माहेरचे सांगितले, इन्सुलिन त्यांना गेले. सकाळी त्या उठल्या नाहीत. पोरीला काढले. चौकशीचा निष्कर्ष असा की रुग्णाने स्वतःचे नाव चुकीचे सांगितले.

"इतक्या वर्षांनी बाईने आपलं खरं नाव सांगितलं," देवश्री म्हणाल्या, "तर ते चुकीचं ठरलं."

ऋजुताने ट्रेकडे पाहिले.

सिरिंज रिकामी होती...

ट्रे कोरडा. उजवीकडच्या सुमंगला आजींची साखर तपासली, ती चढलेलीच होती. त्यांना काही मिळाले नव्हते. डॉक्टरांना कळवून नवा डोस दिला गेला.

सुई त्वचेला टेकली नव्हती, असे ऋजुता आजही शांतपणे सांगते. मग ते औषध कोणाला गेले, हे तिला कोणी विचारत नाही.

यंदा तिचे लग्न ठरले आहे, धारच्या एका जुन्या घराण्यात. नाव बदलायचे नाही, एवढीच तिची अट. कारण ती सांगत नाही.

परवा सासूबाईंचा फोन आला. अट मान्य होती. फक्त तांदळात लिहिण्यापुरते, रीत म्हणून, एक नाव त्यांना आपोआप सुचले होते.

"उमा कसं वाटतं गं?"