९१.२ च्या शेजारचा लाल ठिपका

काल घरात खणखणीत बोलणारा रेडिओ आज परीक्षकाच्या हातात नुसता पुटपुटत होता. तो स्वतः जोडणाऱ्या रेवती तांडेलचं डोकंच सणकलं. रेडिओ तोच, बॅटरी तीच, मग शब्द गेले कुठे?

परीक्षक म्हणजे बंदर समितीचा यंत्रमानव. नाव नीरक्षीर आणि अक्कल तक्त्यापुरती!

"केंद्र ९१.२ वर आहे. काटाही ९१.२ वर आहे. शब्द कळत नाहीत. नापास," तो म्हणाला.

"अरे, पुठ्ठ्याच्या तबकडीवर लाल ठिपका दिलाय ना मी! तिथे लाव!"

"ठिपका ९१.२ च्या बाजूला आहे. खूण चुकीची."

नेलपॉलिशचा तो ठिपका रेवतीने आठ दिवस कान लावून शोधला होता. गेल्या साली वादळाचा इशारा सगळ्यांच्या फोनवर आला, पण भर समुद्रात फोनला रेंजच नव्हती. बाबांची होडी दोन दिवस बेपत्ता होती. किनाऱ्यावरच्या एफएम केंद्राचा आवाज तिथवर पोचायचा, पण ऐकायला होडीवर रेडिओ नको? आणि आता म्हणे समितीच्या शिक्क्याशिवाय तो होडीत चढवायचाच नाही!

"रेवा, भरती थांबायची नाय गो," बाबांनी होडीतून हाक दिली.

रेडिओ दुरुस्त करण्यात उभी हयात घालवलेली कुंदाआत्या शेजारीच होती. "त्याच्यावर ओरडून काय होणार? ठिपक्यावर आवाज का येतो, ते सांग की त्याला."

का येतो? ते रेवतीलाही ठाऊक नव्हतं. राग गिळून तिने रेडिओकडे पाहिलं. तांब्याच्या तारेचे पाच वेढे, एक फिरतं धारित्र (वीज क्षणभर साठवणारा भाग), एक ट्रान्झिस्टर (क्षीण संदेश मोठा करणारा भाग), चार-दोन किरकोळ तुकडे, बॅटरी आणि इअरफोन. बस्स.

वेढे आणि धारित्र यांची जोडी एका ठरावीक कंप्रतेला (लहर सेकंदाला किती वेळा डोलते, त्या आकड्याला) सर्वांत जोरात दाद देते. आकडा जरा सरकला की दाद कमी. आणि एफएममध्ये तर बोलणाऱ्याच्या आवाजाबरोबर केंद्राची कंप्रताच किंचित मागेपुढे होत असते. ते ओळखायला मोठ्या रेडिओत वेगळी जोडणी असते. रेवतीच्या या छोट्या रेडिओत ती नव्हती. तिची नजर समोरच्या बंधाऱ्याच्या उतारावर गेली आणि ती ताडकन उठली.

"नीरक्षीर, त्या उतारावर उभा राहा. एक पाऊल पुढे टाक, मग मागे. काय झालं?"

"आधी वर गेलो. मग खाली आलो."

"आता माथ्यावर जा. तिथे तेच कर."

"पुढे गेलो तरी खाली. मागे आलो तरी खालीच."

"मग नुसत्या उंचीवरून कळेल का, तू कुठल्या बाजूला गेलास ते?"

"नाही."

"तेच तर केव्हाचं सांगतेय! ९१.२ म्हणजे माथा. तिथे सगळा गोंधळ. माझा ठिपका उतारावर आहे. तिथे कंप्रता एकीकडे सरकली की दाद वाढते, दुसरीकडे सरकली की घटते. त्या वाढण्या-घटण्याचाच इअरफोनमध्ये आवाज होतो!"

नीरक्षीरने काटा लाल ठिपक्यावर आणला. "मच्छीमार बांधवांनो, आज संध्याकाळपर्यंत वारा शांत राहील..." शब्दन् शब्द स्वच्छ आला.

त्याने शिक्का मारला. खाली नोंदीत एक रकाना होता, 'चूक कोणाची?' तिथे तो अडला.

"लिही, तपासणाऱ्याची," रेवती फणकारली. त्याने खरंच तसं लिहिलं.

बाबांची होडी निघाली. त्यांनी कानातल्या इअरफोनकडे बोट करून हात हलवला. धक्क्याला अजून चाळीस होड्या होत्या, सगळ्या रेडिओविना. नीरक्षीर त्या मोजून आला आणि तिच्यापुढे उभा राहिला.

"नेलपॉलिशची बाटली मिळेल?"

"मिळेल," ती म्हणाली. "पण प्रत्येक रेडिओचा ठिपका कानाने शोधायचा. तक्त्यात बघून नाही."